गॉगल घ्या, पॉलिसी परत करा

प्रश्न : वय ६१, पुण्यात राहतो. मागच्या वर्षी खासगी नोकरीतून निवृत्त झालो आणि आता येरवड्याला गोल्फ शिकतोय. लांबचा नंबर उणे अडीच, जवळचा वेगळा, म्हणून प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरतो. उन्हात चेंडू नीट दिसत नाही. दुकानदाराने कानापर्यंत वळलेला, पोलराइज्ड, प्रोग्रेसिव्ह काचांचा गॉगल सुचवलाय, किंमत ४२,०००. बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का? एकरकमी जड जातंय. पीएफ-ग्रॅच्युइटीचे ७० लाख आले, त्यातून बँकेच्या सांगण्यावरून एका गॅरंटीड योजनेत ५ लाखांचा पहिला हप्ता भरला. दहा वर्षं भरायचे. पहिल्या हप्त्यानंतर बारा वर्षांनी दरसाल ९ लाख सुरू होतात, तेही दहा वर्षं. म्हणजे ५० लाखांवर १८ टक्के! उरलेले पैसे बचत खात्यात पुढच्या हप्त्यांसाठी राखून ठेवलेत. घरखर्च महिना ४५ हजार, पेन्शन ७ हजार, पत्नी ५७ वर्षांची. पॉलिसीचं पाकीट मागच्या आठवड्यात आलं, अजून फोडलेलं नाही.

उत्तर : हा गॉगल घेऊ नका. ईएमआयवर नको आणि रोखीनेही नको. प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग हातातलं पुस्तक वाचण्यासाठी असतो. गोल्फमध्ये चेंडू पायाशी, म्हणजे डोळ्यांपासून दीड मीटरच्या आसपास. मान स्थिर ठेवून नजर खाली टाकली की तुम्ही नेमके त्या वाचायच्या भागातून बघता आणि चेंडू धूसर होतो. ऊन हे अर्धंच कारण. फक्त लांबच्या नंबरचा, सिंगल व्हिजन गॉगल करून घ्या. स्कोअरकार्डाची काळजी नको. उणे अडीचवाल्याने गॉगल कपाळावर सरकवला की हातातला कागद स्वच्छ वाचता येतो.

दुसरी गोष्ट वळणाची. नंबराची काच इतकी वळवली की कडेला प्रतिमा सरकते, अंतराचा अंदाज चुकतो. वळलेल्या फ्रेमसाठी नंबर मुद्दाम सुधारून काच बनवतात, पण त्यापेक्षा सरळ, कमी वळणाची फ्रेम स्वस्त आणि बिनधोक. पोलराइज्ड काच पाण्यावरची तिरीप छान मारते, मात्र ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) गवताच्या ज्या चमकेवरून गवताचा कल ओळखायचा, तीच चमक ती खाते. अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरचा डिस्प्लेही काही कोनांतून काळा दिसतो. तपकिरी छटा, पूर्ण यूव्ही संरक्षण आणि साध्या पॉलिकार्बोनेटऐवजी ट्रायव्हेक्स काच मागा. ट्रायव्हेक्समध्ये कडेला रंगांची झालर कमी दिसते. गॉगल ताब्यात घेताना दुकानातच पटिंगच्या, म्हणजे चेंडू होलमध्ये हळूच ढकलण्याच्या, पवित्र्यात उभे राहा आणि फरशीच्या सांध्यांकडे बघत मान हळू डावी-उजवीकडे वळवा. सांधे वाकले किंवा फरशी वर आल्यासारखी वाटली तर तिथेच परत द्या. दहा-बारा हजारांत हे सगळं बसायला हरकत नाही.

आता मला छळणारा प्रश्न. बचत खात्यात ६५ लाख असलेला माणूस महिना साडेतीन हजारांचा ईएमआय का शोधतो? (नो-कॉस्ट म्हणतात त्यातही व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी धरून सातआठशे रुपये जातातच.) कारण ते ६५ लाख तुम्ही मनाने विमा कंपनीला देऊन टाकलेत.

१८ टक्क्यांचा हिशेब ज्याने मांडला त्याला गणित येत नाही, किंवा फार चांगलं येतं. तुमचा प्रत्येक ५ लाखांचा हप्ता बरोबर बारा वर्षांनी ९ लाख होऊन परत येतो आणि तिथे संपतो. बारा वर्षांत दुप्पट व्हायलाच ६ टक्के लागतात. इथे दुप्पटही होत नाही. म्हणजे जेमतेम ५ टक्के. ‘५० लाखांवर दरसाल ९ लाख’ असं म्हणताना ते ५० लाख शेवटी परत मिळत नाहीत, हे सांगायचं राहून गेलं.

त्याहून वाईट पुढे आहे. हाताशी ६५ लाख, त्यावर ७ टक्के मिळाले असं उदारपणे धरू. पेन्शन वजा जाता वर्षाला ४ लाख ६० हजार घरखर्चाला लागतात, खर्च दरसाल ६ टक्क्यांनी वाढतो आणि दुसऱ्या वर्षापासून ५ लाखांचा हप्ता आहेच. नवव्या वर्षी खडखडाट. तुम्ही सत्तरीत, शेवटचा हप्ता बाकी आणि पहिले ९ लाख अजून तीन वर्षं लांब. पगार थांबलेल्या माणसाला दहा वर्षं हप्ते भरायला लावणाऱ्या योजनेला निवृत्ती नियोजन कोणत्या तोंडाने म्हणतात?

सुदैवाने पाकीट मागच्या आठवड्यातलं आहे. पॉलिसीचे कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. तुम्हाला ईमेलने लगेच कळवलंच आहे, इथे इतरांसाठी लिहितो. अर्ज विमा कंपनीला करायचा, बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरला नाही. कारण लिहा, पोच घ्या, कुरिअरच्या पावतीवरची तारीख जपून ठेवा. तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाचे पैसे, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी हप्ता परत मिळतो. ‘सर, दोन वर्षं तरी भरा’ असा फोन येईलच. त्या गप्पांत महिना उलटला की मोठी रक्कम अडकते. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे, मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर. त्यानंतर विमा लोकपाल आहे, त्याचं कार्यालय पुण्यातही आहे.

पैसे परत आले की ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये. पत्नीबरोबर संयुक्त खात्यावर १५ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५०. पेन्शन धरून महिना साधारण ३७ हजार झाले. वरच्या आठ हजारांसाठी आणि अडीअडचणीला ५ लाखांची एफडी. उरलेले २० लाख साध्या इंडेक्स (शेअर निर्देशांकामागे चालणाऱ्या) आणि हायब्रिड (शेअर-रोखे मिश्र) म्युच्युअल फंडांत, सातआठ वर्षं न बघण्याच्या बोलीवर. त्यातून १५ टक्के मिळतील अशी आशा धरू नका. १० मिळाले तरी पुरे. पत्नी ५७ वर्षांच्या आहेत, पैसा तीस वर्षं पुरायला हवा, म्हणून सगळंच पोस्टात ठेवून भागणार नाही. आणि एकाच बँकेत ६५ लाख ठेवून झोपू नका. ठेवींवरचं विमासंरक्षण बँकेमागे ५ लाखांचंच आहे.

पत्रात आरोग्यविम्याचा शब्दही नाही. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपला असेल तर दोघांची पॉलिसी याच महिन्यात काढा. जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. रक्तदाब, साखर जे असेल ते फॉर्मवर लिहा, आणि फॉर्म स्वतःच्या हाताने भरा, बँकेतल्या त्या मुलाला भरू देऊ नका.