लेबल काढायच्या आधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

परवा कॉलेज रोडवर तू, काढायचं म्हणतेस त्या लेबलसाठी, म्हणजे बँडची गाणी रेकॉर्ड करून लोकांपुढे आणणाऱ्या कंपनीसाठी, निवडलेल्या चार बँडची नावं वाचून दाखवलीस आणि आवाज खाली आणून विचारलंस, "काका, यांचं एकमेकांशी काहीच जुळत नाही. मग लेबल कसलं?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

एक मेटलवाला, म्हणजे कर्कश रॉक वाजवणारा, एक मराठी शब्दांवर जीव टाकणारा, एक नुसती वाद्यं वाजवणारा, आणि पंचवटीतली ती पोरं, ज्यांना ड्रमकिटशेजारी ढोल हवाय. नाही जुळत. जुळवूही नकोस.

वॉशिंग्टनमध्ये १९८० साली काही पोरांनी डिस्कॉर्ड नावाचं लेबल काढलं. त्यांचा 'टीन आयडल्स' बँड मोडला होता. कार्यक्रमांतून साठलेले पैसे वाटून न घेता त्यांनी त्यातून आपली रेकॉर्ड काढली. कव्हरं घरीच कापली, दुमडली, चिकटवली. पुढे नियम ठरला तो शहराचा: बँड आपल्या गावचा हवा. त्यामुळे मायनर थ्रेटची मिनिट-दीड मिनिटांची घणाघाती गाणी आणि फुगाझीची दमानं उलगडत जाणारी गाणी एकाच घरात नांदली. लंडनच्या फोरएडी या लेबलनं पिक्सीज या रॉक बँडच्या रेकॉर्डही काढल्या आणि बल्गेरियातल्या बायकांचं समूहगानही. निवडणारा कान एका माणसाचा होता, आयव्हो वॉट्स-रसेलचा, आणि व्हॉन ऑलिव्हरच्या कव्हरांमुळे सगळं एका घरचं दिसायचं.

तुझा नियम नाशिक असू दे. आपल्याकडचं पोर जरा बरं वाजवायला लागलं की पुण्या-मुंबईची गाडी पकडतं. निदान पहिलं रेकॉर्डिंग इथं होऊ दे.

पण कागद कर. डिस्कॉर्डनं करार केले नाहीत, हे तू मला मोठ्या कौतुकानं सांगितलंस. ती मंडळी एकमेकांच्या घरात राहणारी होती गं. मीही एका बँडची आठ गाणी सातपूरच्या एका गाळ्यात रेकॉर्ड केली होती, सगळं तोंडी. बँड फुटला. गायक म्हणे चाली माझ्या, ड्रमर म्हणे रेकॉर्डिंगचे पैसे मी भरले. दोघंही खरं बोलत होते. ती गाणी आजही माझ्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर पडून आहेत.

आपल्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असतात. रेकॉर्डिंगसाठी ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली, तो त्याचा निर्माता. म्हणून कोण काय करतंय ते आधीच लिही. मुदत लिही, नाही लिहिलीस तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरतात. प्रदेश नाही लिहिलास तर फक्त भारतापुरते. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा तुला स्वतःच्या नावे लिहून घेताच येत नाही. तसा प्रयत्नही करू नकोस. खर्च वजा जाता नफा लेबल आणि बँडमध्ये निम्मा-निम्मा, आणि हिशेब दर सहा महिन्यांनी, पैसे आले असोत वा नसोत. शून्य असेल तर शून्याचा हिशेब पाठव. पोरं लेबल सोडतात ती पैसे कमी पडले म्हणून नाही, कुणी काही सांगत नाही म्हणून.

कर्ज काढून स्टुडिओ बांधायचं मात्र डोक्यातून काढ. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला लोकांच्या पैशावर गांधर्व महाविद्यालय उभं केलं, राजाश्रय न घेता. पुढे मुंबईतली त्यांची वास्तू कर्जापायी लिलावात गेली. मग ते आपल्या नाशकात येऊन राहिले. एवढ्या मोठ्या माणसाला कर्जानं सोडलं नाही. तू भाड्याच्या खोलीत, जाड गोधड्या टांगून सुरुवात कर. ढोल तेवढा मोकळ्यावर रेकॉर्ड कर, खोलीत तो सगळं गिळून टाकतो.

रविवारी सकाळी चारही बँडना घेऊन ये. कराराचा मसुदा मी मराठीत लिहून ठेवतो, म्हणजे प्रत्येकाला सही करण्याआधी वाचता येईल.

तुझा,
काका