ट्रक सत्तरच्या वर पळत नाही, मोठे टायर टाकू की क्राऊन-पिनियन बदलू?

तुम्ही लिहिलंय की टॉप गिअरला ६० च्या स्पीडला आरपीएमचा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा) काटा २१०० च्या आसपास असतो, ७० ला इंजिन नुसतं ओरडतं आणि पुढे जातच नाही, टायर १०.००-२० रेडियल आहेत, आणि एक जण म्हणतो ११.०० चे टाक तर दुसरा म्हणतो हाउसिंगचा रेशो बदल (हाउसिंग म्हणजे मागच्या एक्सलचा खोका, त्यात पिनियन हे छोटं आणि क्राऊन हे मोठं दातेरी चाक असतं; रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे होतात तो आकडा). मी गिअरबॉक्स-हाउसिंगचंच काम करतो, हा प्रश्न सारखा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं म्हणजे आत्ता काहीच विकत घेऊ नका. आधी हे बघा की गाडी अडतेय ती आरपीएम संपतो म्हणून की ताकद संपते म्हणून, कारण दोन्हीचा इलाज अगदी उलटा आहे. नेहमीचा माल भरा, लांब सपाट रस्ता, वारा नसताना, टॉप गिअर, एक्सलेटर पूर्ण दाबून ठेवा आणि काट्याकडे बघा. काटा चढत चढत इंजिनच्या वरच्या मर्यादेला जाऊन टेकला आणि तिथंच थांबला तर गाडी गिअरने अडलीय, इंजिनात दम शिल्लक आहे पण त्याला अजून फिरायला जागा नाही. आणि काटा मर्यादेच्या बराच खाली, समजा १८०० वरच रेंगाळत राहिला तर इंजिनची ताकदच संपलीय, अशा गाडीला उंच रेशो (म्हणजे आकड्याने लहान, जास्त स्पीडचा) टाकला तर ती आणखी हळू होते, खरंच होते, टॉप गिअर घालताच येत नाही मग. तिथं एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचे पाइप, चिकटलेले ब्रेक आणि टायरमधली हवा बघायची, रेशोला हातच लावायचा नाही.

आता तुमच्या आकड्यांवरून हिशोब. १०.००-२० रेडियल एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर पुढे जातो. ६० च्या स्पीडला गाडी मिनिटाला १००० मीटर जाते, म्हणजे चाकाचे मिनिटाला साधारण ३१२ फेरे. तुमच्या २१०० ला ३१२ ने भागा, पावणेसातच्या जवळ येतं. टॉप गिअर डायरेक्ट असेल, म्हणजे गिअरबॉक्समधून जेवढं आत तेवढंच बाहेर, तर तुमच्या हाउसिंगमध्ये बहुतेक ४१ दातांचा क्राऊन आणि ६ दातांचा पिनियन आहे, रेशो ६.८३. त्या रेशोला २५०० आरपीएमला स्पीड येतो बरोबर ७० च्या आसपास, आणि तुमची गाडी तिथंच थांबतेय, म्हणजे वरवर बघता ती गिअरनेच अडलेली दिसते. तरी ती चाचणी कराच.

टायरचं म्हणाल तर १०.०० च्या जागी ११.०० टाकला की व्यास साधारण ३ टक्के वाढतो. ६० चे होतात ६२. बस्स, एवढंच. नवा टायर आणि गुळगुळीत झालेला टायर यांच्यातच जवळजवळ तेवढा फरक असतो, १५ मिलिमीटरची नक्षी झिजून २-३ वर आली की व्यास २५ मिलिमीटरने कमी झालेला असतो. म्हणजे नवीन टायर टाकल्यावर गाडी थोडी मोकळी पळते असं जे ड्रायव्हर लोक म्हणतात ते खरं आहे. पण दोन किलोमीटरच्या स्पीडसाठी सगळे टायर बदलायचे, रिमची रुंदी जुळतेय का बघायचं, मागच्या जोडीतले दोन टायर एकमेकांना घासतात का, मडगार्डला लागतात का, कागदावर साइज वेगळा, हे सगळं मला अजिबात पटत नाही. टायर लोड बघून निवडायचा असतो, स्पीड बघून नाही.

रेशोचं तसं नाही. तोच ४१ दातांचा क्राऊन आणि ७ दातांचा पिनियन असा सेट टाकला (सेट म्हणतोय, कारण क्राऊन-पिनियन जोडीनेच येतात, नुसता पिनियन बदलून चालत नाही, आवाज करतो आणि दात खातो) तर रेशो होतो ५.८६. त्याच आरपीएमला ६० चे सरळ ७०, आणि २५०० ला ८० च्या थोडं वर. किंवा उलट बघा, ६० च्याच स्पीडला हिशोबाने येणाऱ्या २१३५ च्या जागी १८३० आरपीएम, इंजिन मीटरवरच्या हिरव्या (कमी डिझेल खाणाऱ्या) पट्ट्याच्या जवळ येतं, आवाज कमी, डिझेलही वाचायची शक्यता. सपाट हायवेवरच चालणाऱ्या गाडीला हे काम खूप छान लागतं.

पण फुकट काहीच मिळत नाही, चाकावरची ओढ प्रत्येक गिअरला एक सप्तमांशाने कमी होते, पहिल्या गिअरलासुद्धा. चढावर माल भरून गाडी उचलताना क्लच जास्त घसरवावा लागतो आणि क्लच प्लेट लवकर जाते. १६ टनांच्या गाडीला नुसता १ टक्का चढ, जो डोळ्याला धड दिसतही नाही, १६० किलो मागे ओढतो, आणि हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गाने वाढतो, ६० वरून ८० ला गेलात की पावणेदोन पटीच्या वर. म्हणून गिअरच्या हिशोबाने ८० निघालं तरी रस्त्यावर ते मिळेलच असं नाही, इंजिनात तेवढा दम हवा.

तुमचा रूट अर्धा घाट आणि अर्धा हायवे असेल तर मी हाउसिंग न छेडता ओव्हरड्राइव्हवाला गिअरबॉक्स बसतो का ते आधी बघेन. त्यात टॉप गिअरचा रेशो एकापेक्षा कमी असतो, समजा ०.८, तर तुमच्या ६.८३ लाच २००० आरपीएमला ७० निघतात, आणि खालच्या गिअरचे रेशो जुन्या बॉक्सएवढेच असतील तर उचल आहे तशीच राहते. फक्त पहिल्या गिअरचा रेशो विचारून घ्या, काही बॉक्समध्ये तो वेगळा असतो.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात ती स्पीडोमीटर. बऱ्याच ट्रकना स्पीडचा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असतो, तो शाफ्टचे फेरे मोजतो, त्याला हाउसिंगमध्ये काय बदललं ते कळत नाही. ६-४१ काढून ७-४१ टाकला आणि सेटिंग तसंच ठेवलं तर स्पीडोमीटरचा काटा ६० दाखवेल आणि गाडी असेल ७० ला. स्पीड लिमिटरही तोच सिग्नल घेत असेल तर तोही फसतो. किलोमीटर कमी पडतात म्हणून अॅव्हरेज घसरल्यासारखं वाटतं, आणि मालक उगाच ड्रायव्हरवर चिडतो. काम झालं की मोबाइलच्या जीपीएसवर स्पीड ताडून बघा आणि सेटिंग करून घ्या, त्याच दिवशी.

आणि ब्रेक. ६० ऐवजी ७० ला गाडी थांबवताना ब्रेकना ३६ टक्के जास्त उष्णता झेलावी लागते, लायनर आणि ड्रम आधी उघडून बघा, मगच रेशोचा विचार करा. उतारावर इंजिनचा ब्रेकही त्याच गिअरला आधीपेक्षा कमी लागतो, म्हणून घाट उतरताना सवयीपेक्षा एक गिअर खाली ठेवायला ड्रायव्हरला स्पष्ट सांगा. मागे दोन ड्राइव्ह एक्सल असतील तर दोन्ही हाउसिंगचा रेशो एकदमच बदलावा लागतो, एकच बदलला तर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडत राहतात आणि दोन्ही एक्सलना ताकद वाटून देणारं मधलं डिफरन्शियल जळतं.