पांढरीतून थेट पंढरीत

प्रश्न : मुलीला शाळेत ‘पांढरा’चे समानार्थी शब्द लिहून आणायला सांगितले होते. तिने शुभ्र, श्वेत, धवल, सफेद आणि गोरा असे पाच लिहिले. बाईंनी ‘गोरा’ खोडला, पण का ते सांगितलं नाही. दुसरं असं, की माझी आजी ‘आमच्या पांढरीत असलं चालत नसे’ म्हणायची. ही पांढरी कुठली?

उत्तर : आधी आजींचा शब्द घेतो, कारण त्याच्यापायी मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे.

मुद्रितशोधनाच्या कामाला लागून मला वर्षही झालं नव्हतं. जुन्या गावगाड्यावरचं एक पुस्तक छपाईला आलं होतं आणि त्याच्या प्रुफात पानोपानी ‘पांढरी’ दिसायला लागली. ‘पाटलाचा वाडा पांढरीत होता’, ‘पांढरीभोवती कूस होती’. मी मनात म्हटलं, जुळाऱ्याचा हात चुकलाय, एक काना जास्त पडलाय. लाल पेन घेतलं आणि सगळे काने उडवले. सगळीकडे ‘पंढरी’ झाली! पुढचं प्रूफ लेखकाकडे गेलं, ते परत आलं तेव्हा समासात एकच ओळ होती : ‘माझं गाव पंढरपुरास कोणी हलवलं?’ मालकांनी ते पान माझ्यापुढे ठेवलं, बोलले काहीच नाहीत. तेच जास्त लागलं.

तर पांढरी म्हणजे गावाची वस्तीची जागा. मराठी मुलखात गावाचे दोन भाग मानत : पिकाची जमीन ती काळी आणि घरं असतात ती पांढरी. जुन्या कागदपत्रांत ही जोडी नेहमी भेटते. यातला ‘पांढरी’ हा अलंकार नाही, डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे. मातीच्या भिंती पडतात, त्यावर पुन्हा घरं उठतात, चुलीची राख तिथेच मिसळते. अशी शेकडो वर्षं गेली की त्या जागेची माती भुरकट पांढरी होते आणि भोवतालच्या काळ्या रानातून उठून दिसते. गाव उठून गेलं तरी टेकाड राहतं, त्यालाही लोक पांढरीच म्हणतात. जमिनीखालच्या जुन्या वस्त्या शोधणाऱ्यांना अशा टेकाडांचा फार उपयोग होतो. पुढे पांढर म्हणजे नुसती जागा न राहता तिथे राहणारी माणसंही झाली. तुमच्या आजींच्या वाक्यात ‘पांढरीत’ म्हणजे ‘आमच्या गावच्या रीतीत’ असं मला ऐकू येतं.

(पंढरीचा विषय निघालाच आहे म्हणून : पांडुरंग या नावाचा सरळ शब्दार्थ फिक्या, गोऱ्या रंगाचा असा होतो आणि मूर्ती आहे काळी. यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी एकदा काना उडवून बसलोय, आता त्या वाटेला जात नाही.)

आता बाईंनी खोडलेला ‘गोरा’. बाईंचं बरोबर आहे, कारण सांगायला हवं होतं एवढंच. गोरा हा कातडीचा रंग. कागद कोरा असतो, गोरा नसतो. संस्कृतातल्या ‘गौर’मध्येही पांढऱ्याबरोबर पिवळसर, लालसर छटा येते. पण मग बाकीचे चार तरी एकमेकांच्या जागी कुठे बसतात? ‘माझे केस श्वेत झाले’ म्हणून पाहा, घरातले हसतील. श्वेत आणि धवल या शब्दांना संस्कृत शेजार लागतो : श्वेतपत्रिका, धवलक्रांती. शुभ्र शब्दात मुळात चकाकी आहे, म्हणून चांदणं शुभ्र, पण भीतीने चेहरा पडतो तो पांढरा. सफेद आपल्याकडे फारसीतून आला. गंमत अशी, की तो आणि श्वेत मुळात एकाच घरचे. पार जुन्या काळी वेगळे निघाले आणि मराठीत पुन्हा शेजारी राहायला आले.

धवलचं बोलीतलं रूप ढवळा. ढवळ्या-पवळ्यातला ढवळ्या म्हणजे पांढरा बैल. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण सगळे वापरतात, पण तिच्यातलं ‘वाण’ म्हणजे रंग हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पवळा हा पोवळ्यासारखा तांबूस. तो ढवळ्याजवळ राहून पांढरा झाला नाही, खोड्या मात्र शिकला.

जोडशब्दांत तर आणखी जपायला हवं. पांढराशुभ्र आणि पांढराफटक यांत रंग एकच, पण पहिल्यात कौतुक आहे आणि दुसऱ्यात रक्त उतरलेलं आहे. एका कथेत ‘पांढऱ्याफटक साडीत ती फार सुंदर दिसत होती’ असं वाक्य आलं होतं. मी समासात प्रश्नचिन्ह टाकलं. लेखकाने ते खोडलं. वाक्य तसंच छापलं गेलं.

प्रश्न : पांढरपेशा शब्दाचा रक्तातल्या पांढऱ्या पेशींशी संबंध आहे का? (इयत्ता नववी)

उत्तर : नाही, पण प्रश्न आवडला. पेशी संस्कृत आणि पेशा फारसी. ‘शिक्षकी पेशा’ म्हणतो तोच हा, म्हणजे व्यवसाय. मातीत हात न घालता, कपडे पांढरे ठेवून पोट भरणारा तो पांढरपेशा. हिंदी-उर्दूत सफेदपोश म्हणतात, तिथे ‘पोश’ म्हणजे अंगावर ल्यालेला.

प्रश्न : ‘पांढऱ्यावर काळं करणं’ म्हणजे खोटेपणा करणं ना?

उत्तर : मुळीच नाही. पांढरा कागद, काळी शाई : लिहिणं. ‘त्याला पांढऱ्यावर काळं करता येत नाही’ म्हणजे तो निरक्षर आहे. व्यवहारात ‘पांढऱ्यावर काळं करून घे’ म्हणजे लेखी घे. आमचा धंदा त्या काळ्यावर लाल करण्याचा. आणि बिल बघून डोळे पांढरे होतात ते वेगळे, त्यात बुबुळं वर जातात.

प्रश्न : ‘पांढऱ्या पायाची’ हा वाक्प्रचार लेखनात वापरावा का?

उत्तर : जुन्या काळातलं पात्र बोलत असेल तर वापरा, स्वतःच्या तोंडी घालू नका. घरात आली आणि काही वाईट घडलं, की त्याचा दोष जिच्या माथी मारायचा ती पांढऱ्या पायाची. व्याकरणाने ‘पांढऱ्या पायाचा’ असंही रूप होतं. चाळीस वर्षं प्रुफं तपासली, ते माझ्यापुढे एकदाही आलं नाही.