बोटांनी वाचायला शिकताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी पाच वर्षांची, जन्मापासून दिसत नाही. शब्दातला पहिला आवाज पटकन सांगते, पण क-ख, क-ग आणि म-न यांत हमखास गोंधळते. कान तपासून घेतले, ऐकू नीट येतं.

उत्तर: डोळस मूल ऐकता ऐकता बोलणाऱ्याचे ओठही बघत असतं. तिला ती मदत नाही, म्हणून आवाज अंगाला जाणवू द्या. हाताची मागची बाजू तोंडासमोर चार बोटांवर धरायला लावा. ख, थ, भ म्हणताना हवेचा झोत लागतो. क, त, ब ला जेमतेम. म-नसाठी एक बोट ओठांवर आडवं ठेवलं की पुरे, म ला ओठ मिटतात.

क-गसाठी घशावर हात ठेवायला सांगतात, पण सुटं अक्षर म्हटलं तर फरक लागत नाही, कारण पुढच्या ‘अ’मुळे घसा दोन्ही वेळा थरथरतो. ‘पक्का’ आणि ‘लग्गा’ सावकाश म्हणा. क्क ला थरथर क्षणभर थांबते, ग्ग ला चालू राहते.

आवाजांच्या खेळात खरा चमचा, खरं कुलूप, खरा कंगवा द्या. प्लास्टिकचा हत्ती हा तिच्या हाताला निव्वळ एक गुळगुळीत तुकडा असतो.

प्रश्न: ब्रेल अक्षरं क, ख, ग याच क्रमाने शिकवायची का?

उत्तर: नको. तो क्रम तोंडपाठ करायला चांगला, बोटाला नाही. ब्रेलच्या घरात डावीकडे वरून खाली १-२-३ आणि उजवीकडे ४-५-६ अशी टिंबं असतात. सुरुवात बोटाला अगदी वेगळ्या लागणाऱ्या अक्षरांनी करा: ल (१-२-३) उभी रेघ, ग (१-२-४-५) चौकोन. त्यांना आ (३-४-५) जोडला की लाल, गाल, गाला, लागला एवढे शब्द लगेच वाचता येतात. मग त (२-३-४-५) आणा: ताल, लात, गात.

आरशातल्या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. इ (२-४) आणि ए (१-५), ज (२-४-५) आणि ह (१-२-५) या नेहमी त्रास देतात. ब (१-२) आणि क (१-३) यांतही फक्त फटीचा फरक आहे. एक अक्षर अडखळल्याशिवाय वाचलं जाईपर्यंत त्याचं जुळं थांबवा.

प्रश्न: वर्गात डोळस मुलांबरोबर एक ब्रेल वाचणारा मुलगा आहे. ‘पत्र’ला अडतो, आणि ‘सई’ हा शब्द ‘स-अ-ई’ असा वाचतो.

उत्तर: तो दिलं तेच वाचतोय. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, स्वराला आणि त्याच्या मात्रेला एकच खूण असते, आणि ती व्यंजनानंतर येते. पहिली वेलांटीसुद्धा. ‘कि’ म्हणजे आधी क, मग इ, उच्चाराच्या क्रमानेच. पण त्यामुळे स पुढे ई थेट लिहिली तर ‘सी’ होतं. म्हणून ‘सई’मध्ये मधे अ (टिंब १) घालतात. तो अ म्हणजे ‘पुढचा स्वर सुटा’ एवढंच, हे सांगून टाका.

जोडाक्षरात हलंताची खूण, म्हणजे टिंब ४, व्यंजनाच्या आधी येते: प, टिंब ४, त, र. ‘पुढचं अक्षर अर्धं’ अशी ती आगाऊ सूचना. खरी अडचण अशी की सुट्या कार्डावर टिंब १ आणि टिंब ४ सारखेच लागतात. शेजारी भरलेलं घर असेल तरच जागा कळते, म्हणून टिंब ४ नेहमी ओळीतच दाखवा.

प्रश्न: मुलगा बोट दाबून वर-खाली घासतो.

उत्तर: घासलं की अक्षर तुटक टिंबांत फुटतं, आणि दाबल्याने टिंबंही बसतात, बोटही बधिर होतं. आधी अक्षरांशिवाय नुसत्या टिंबांच्या लांब ओळी द्या, दोन ओळींत एक ओळ रिकामी. दोन्ही तर्जन्या शेजारी, हलक्या, डावीकडून उजवीकडे. पुढची ओळ डाव्या हाताने शोधायची. कागद जाडच हवा. ब्रेल पाटीवर उजवीकडून आणि उलटं टोचावं लागतं, तेव्हा पहिल्या लिखाणाला ब्रेलर, म्हणजे ब्रेलचं टंकयंत्र, बरा. त्यावर वाचतो तसंच उमटतं.

प्रश्न: थोडं दिसत असेल तर ब्रेल लावावी का?

उत्तर: एक शब्द वाचून ठरवू नका. मोठ्या ठशातलं पानभर वाचायला द्या. नाक कागदाला टेकत असेल, पानाच्या शेवटी वेग पडत असेल किंवा डोळे दुखत असतील, तर ठशाबरोबर ब्रेलही आत्ताच सुरू करा.