रिपोर्टमध्ये ‘पी५३’ लिहिलंय : लिम्फोमावरील प्रश्नोत्तरे

लिम्फोमा म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर. त्याच्या रिपोर्टमध्ये ‘पी५३’ किंवा ‘१७पी डिलीशन’ दिसलं की प्रश्न येतात. पी५३ हे प्रथिन पेशीचा ब्रेक आहे. त्याचं जनुक टीपी५३, क्रोमोसोम १७ च्या आखूड बाजूवर, म्हणजे १७पी वर. तो तुकडा गळाला की ‘१७पी डिलीशन’. एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

वडिलांच्या रिपोर्टमध्ये ‘पी५३ पॉझिटिव्ह, ८० टक्के’ आहे. पी५३ कॅन्सर रोखतं ना? मग हे चांगलंच? (रामबाग)

नाही. निरोगी पेशीत पी५३ तयार होतं आणि लगेच मोडलंही जातं, त्यामुळे रंगवलेल्या स्लाइडवर जेमतेम दिसतं. जनुक बिघडलं की निकामी प्रथिन मोडलं न जाता साचतं आणि केंद्रकं गडद तपकिरी दिसतात. काही बिघाडांत तर प्रथिन बनतच नाही. तेव्हा गाठीच्या पेशी कोऱ्या आणि शेजारच्या निरोगी पेशी फिकट रंगलेल्या, असं चित्र असतं. तिथे ‘निगेटिव्ह’ वाचून पेढे वाटू नका. रंग हा फक्त इशारा आहे, खात्री सिक्वेन्सिंगने, म्हणजे जनुकाचा मजकूर अक्षर अक्षर वाचून होते. रिपोर्ट हिमॅटोलॉजिस्टला (रक्तविकारतज्ज्ञाला) दाखवा.

‘डबल हिट लिम्फोमा’ म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्या का? (सुदामानगर)

नाही. तिथे एमवायसी आणि बीसीएल२ ही जनुकं जागा बदलून बेफाम होतात, हरवत काहीच नाही. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की कॅन्सर, ही गोष्ट शास्त्रज्ञ नूडसन यांची, १९७१ ची, आणि ती डोळ्याच्या कॅन्सरवरून मांडलेली.

काकांना सीएलएल (लिम्फोमाच्याच जातीचा, बहुधा हळू वाढणारा रक्ताचा कॅन्सर) आहे. फिश टेस्टमध्ये ‘१७पी डिलीशन आढळले नाही’, तरी आणखी एक महागडी टेस्ट सांगितली. पैसे काढायचे धंदे नाहीत ना? (देवास)

इथे तरी नाहीत. फिशमध्ये साधारण २०० पेशी मोजून एक ठरावीक तुकडा गायब आहे का, एवढंच पाहतात. तुकडा जागेवर आहे पण आतला मजकूर बिघडलाय, हे फिशला दिसत नाही. त्यासाठी टीपी५३ चं सिक्वेन्सिंग लागतं, किमान एक्झॉन (जनुकातले मजकुराचे तुकडे) ४ ते १०. जुनी केमो पेशीचा डीएनए तोडते आणि ‘आता मर’ हा हुकूम पी५३ कडून सुटतो. हुकूम देणाराच नसेल तर केमोचे त्रास होतात, उपयोग फारसा होत नाही. अशांना बीटीके इनहिबिटर किंवा व्हेनेटोक्लॅक्स या नेमक्या लक्ष्यावर मारा करणाऱ्या औषधांच्या वाटेने न्यावं लागतं. हा दोष पुढे नव्यानेही उगवतो, म्हणून आधी नसला तरी प्रत्येक नव्या उपचाराआधी पुन्हा पाहायचा. मात्र काका नुसते देखरेखीखाली असतील तर घाई नाही. ‘निकालाने कोणतं औषध बदलेल?’ हे डॉक्टरांना सरळ विचारा. मँटल सेल या लिम्फोमाच्या प्रकारात उत्तर ठोस मिळेल. डिफ्यूज लार्ज बी-सेल या प्रकारात बहुतेकांची सुरुवात अजूनही आर-चॉपसारख्या (रिटुक्सिमॅब आणि केमो) उपचारानेच होते.

हे जनुक मुलांकडे जातं का? लाळेची किट घरपोच मिळते. (राजवाडा परिसर)

बहुतेक वेळा नाही. लिम्फोमातला दोष आयुष्यात नंतर, त्याच पेशींत झालेला असतो. घरात कमी वयात कॅन्सर झालेले बरेच जण असतील तर जेनेटिक काउन्सेलरकडे जा. किट मागवू नका. लाळेत रक्तपेशीही असतात. सीएलएलच्या रुग्णाने ती पाठवली तर गाठीचाच दोष ‘आनुवंशिक’ म्हणून छापून येऊ शकतो आणि सगळं घर हवालदिल. हात दाखवून अवलक्षण! अशा वेळी त्वचेच्या नमुन्यातून वाढवलेल्या पेशी तपासतात.

आईच्या मानेत गाठ. एफएनएसीत (सुईने काढलेल्या पेशींच्या तपासणीत) ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे नुसती सुजलेली गाठ, आलं, तरी टीबी समजून औषध दिलं. अडीच महिन्यांत गाठ वाढली, मध्ये तापासाठी स्टेरॉइडही झालं. आता लिम्फोमाची शंका आहे. सुईच्याच नमुन्यावर जीन टेस्ट करावी का? (लोकमान्यनगर)

नाही. आधी अख्खी गाठ काढून बायोप्सी. ‘मानेत गाठ म्हणजे टीबीच’ या ऐकीव हिशेबात महिने जातात. ताप, रात्रीचा घाम, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणं, हे दोन्ही आजारांत होतं. शिवाय खऱ्या टीबीतही औषध चालू असताना गाठ काही काळ फुगते, म्हणून वाट पाहिली जाते. सुईने सुट्या पेशी येतात, गाठीची रचना येत नाही. लिम्फोमाचा प्रकार रचनेवरून ठरतो, आणि प्रकार ठरल्याशिवाय कोणतं जनुक पाहायचं हेच कळत नाही. स्टेरॉइडने गाठ काही दिवसांत आक्रसते आणि बायोप्सीत नुसत्या मेलेल्या पेशी हाती लागतात. म्हणून स्टेरॉइडची तारीख आणि डोस सर्जनला आणि पॅथॉलॉजिस्टला लिहून द्या.

निवड असेल तर जांघेतली गाठ टाळून मानेतली काढतात, पेट स्कॅन झाला असेल तर सर्वांत उजळ दिसणारी. एक तुकडा सलाइनमध्ये, सीबीनॅट (टीबीची जलद जीन टेस्ट) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी). फॉर्मॅलिनमध्ये टाकला की कल्चर गेलंच. उरलेली गाठ चिरून, दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, गाठीच्या दहापट द्रव. सहा तासांहून कमी किंवा तीन दिवसांहून जास्त नको. अख्खी गाठ छोट्या डबीत कोंबली तर आतला भाग कुजतो आणि डीएनए तुटतो, मग महागडी टेस्ट ‘नमुना अपुरा’ म्हणून परत येते. कोरड्या गॉझमध्ये गुंडाळून घरी नेणं तर नकोच. टीबीचं औषध मनाने थांबवू नका, पण बायोप्सीची तारीख याच आठवड्यात घ्या.

पी५३ ‘जागं करणारी’ हळदीची कॅप्सूल घ्यावी का? (महू)

नाही. काचेच्या बशीतल्या पेशींवरचे प्रयोग बाटलीवर छापून माल खपवतात. बीटीके इनहिबिटर चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका आधीच असतो. वरणातली हळद चालेल. कॅप्सूल, काढा, फिश ऑइल डॉक्टरांना विचारूनच.

दुसऱ्या मतासाठी मुंबईला जातोय. काय न्यावं? (विजयनगर)

पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा), रंगवलेल्या सगळ्या स्लाइड्स आणि मूळ रिपोर्ट. नुसत्या फोटोवर काम होत नाही. बोन मॅरो बायोप्सी असेल तर ती कोणत्या द्रावणात मऊ केली ते विचारून ठेवा. तीव्र आम्लात केली असेल तर डीएनए बहुधा हाती लागत नाही. रक्त पुन्हा घेतील. फिशसाठी हिरव्या टोपीची हेपरिन ट्यूब, सिक्वेन्सिंगसाठी जांभळी. मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, पॅराफिन साधारण ५५ ते ६० अंशांना वितळतं. आणि तिथे ब्लॉक जमा केल्याची पावती घ्या, परत आणायला तीच लागते.