मॉडेलने न पाहिलेली वर्षं

अनेक आशीर्वाद.

हवामानबदलाने नदीचे पूर किती बदलतील यावरचा तुझा अहवाल मिळाला. पावसावरून नदीचं पाणी काढणाऱ्या तुझ्या मॉडेलचे आलेख दोनदा पाहिले. मोजलेला विसर्ग, म्हणजे नदीतून दर सेकंदाला वाहणारं पाणी, काळ्या रेघेत, मॉडेलचा निळ्या, आणि वर कोपऱ्यात ठळक अक्षरांत नॅश-सटक्लिफ ०.८७. पॅरामीटरांशी, म्हणजे मॉडेलमधल्या जुळवायच्या आकड्यांशी, महिनोन्‌महिने झटापट करून दोन रेघा अखेर एकमेकींवर बसल्या की काय वाटतं, ते मला ठाऊक आहे. पण पान उलटलं तर थेट २०८० सालच्या पुराचा आकडा! या दोन पानांच्या मधे एक पान हवं होतं. ते तू लिहिलेलंच नाहीस.

आधी तो ०.८७ बघू. १९७० मध्ये मांडलेला हा निकष एवढंच विचारतो की, रोज डोळे झाकून सरासरी विसर्ग सांगणाऱ्यापेक्षा तुझं मॉडेल किती बरं? १ म्हणजे तंतोतंत, ० म्हणजे त्या डोळे झाकणाऱ्याइतकंच. आता ज्या नदीला चार महिने भरपूर पाणी आणि आठ महिने जेमतेम धार, तिथे वर्षाची सरासरी सांगणारा जवळजवळ रोजच चुकणार. त्याला हरवण्यात कसला पराक्रम? त्याऐवजी मागच्या सगळ्या वर्षांतली त्या-त्या तारखेची सरासरी घे आणि तिच्याशी मॉडेलची कुस्ती लाव. शिवाय या निकषात प्रत्येक दिवसाच्या चुकेला तिनेच गुणलं जातं, म्हणजे तिचा वर्ग होतो, म्हणून गुण ठरतात ते पुराच्या मोजक्या दिवसांवर. कोरड्या महिन्यांतली धार मॉडेलने दुप्पट दाखवली तरी आकडा फारसा हलत नाही. विसर्गाचा लॉगरिदम घेऊन तोच निकष पुन्हा काढ, म्हणजे कमी पाण्याच्या दिवसांनाही वजन मिळेल. बरंच काही उघडं पडेल.

आणि ती काळी रेघ! तिला आपण सगळेच ‘मोजलेली’ म्हणतो. नदीवरच्या मापन केंद्रावर रोज मोजली जाते ती पाण्याची पातळी. तिच्यावरून विसर्ग काढायला रेटिंग कर्व्ह, म्हणजे कोणत्या पातळीला किती विसर्ग हे सांगणारी वक्ररेषा, लागतो, आणि तो बांधायचा तर वेगवेगळ्या पातळ्यांना कुणीतरी प्रवाहाचा वेग मोजलेला असावा लागतो. झाडं वाहून येत असताना, ऐन पुरात, नदीत यंत्र कोण सोडणार? म्हणून कर्व्हचं वरचं टोक बहुधा अंदाजाने पुढे ओढलेलं असतं. म्हणजे ज्या दिवसांवर तुझे गुण ठरतात, नेमके तेच दिवस सर्वांत कमी खात्रीचे. त्यात पुराने पात्र खरवडलं किंवा गाळ साठला की कर्व्हही बदलतो. एकदा केंद्रावर जाऊन ये. मोजपट्टी कुठे लावली आहे ते बघ, नोंदी ठेवणाऱ्या माणसाला विचार की कर्व्ह शेवटचा कधी तपासला. सुरुवातीची काही वर्षं मी हे केलं नाही. एका केंद्रावर मोजपट्टी बदलताना शून्य सरकलं होतं. नोंदीतल्या त्या उडीला मी जंगलतोडीचा परिणाम समजलो आणि त्यावर पानंच्या पानं लिहिली. ती अजून माझ्या कपाटात आहेत.

आता ते राहिलेलं पान. तू पहिली दहा वर्षं कॅलिब्रेशनला, म्हणजे पॅरामीटर जुळवायला, घेतलीस आणि पुढची पाच पडताळणीला. दोन्ही तुकडे साधारण सारखेच ओले. ही परीक्षा म्हणजे सोडवलेलाच पेपर अंक बदलून पुन्हा देणं. हवामानबदलाचा प्रश्न वेगळा आहे, तिथे मॉडेलला त्याने न पाहिलेली वर्षं द्यायची आहेत. जलशास्त्रज्ञ क्लेमेश यांनी १९८६ मध्येच यावर उपाय सांगितला होता, आणि तो करायला संगणकाला फार वेळही लागत नाही. ओली वर्षं एकीकडे काढ, कोरडी दुसरीकडे. ओल्यांवर कॅलिब्रेट कर, कोरड्यांवर तपास. मग उलट कर. गुण पडतील. पडू देत. किती पडतात आणि चूक कुठल्या बाजूला झुकते, हेच त्या पानावर यायला हवं.

ही केवळ पुस्तकी भीती नाही. आग्नेय ऑस्ट्रेलियात १९९७ पासून २००९ पर्यंत लांबलेल्या दुष्काळात अनेक खोऱ्यांत तेवढ्याच पावसाला नदीत पूर्वीपेक्षा कमी पाणी येऊ लागलं. आधीच्या ओल्या वर्षांवर बसवलेली मॉडेलं मात्र जास्त पाणी दाखवत राहिली. व्हिक्टोरियातली काही खोरी तर पाऊस परतल्यावरही पूर्ववत झाली नाहीत. भूजल खोल गेलं आणि नदीशी असलेला त्याचा सांधा सुटला, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. तुझ्या मॉडेलमधली भूजलाची टाकी दर पावसाळ्यात भरते आणि पुढच्या पावसाळ्याआधी रिकामी होते. सलग दहा वर्षं खाली-खाली जाणं तिला जमतच नाही. मग असा दुष्काळ ती दाखवणार कुठून?

बाष्पीभवनाचं सूत्रही बदल, किंवा निदान दुसरं एक जोडीला घे. तू ते केवळ तापमानावरून काढलं आहेस. मागच्या नोंदींपुरतं ते खपून जातं, कारण ऊन वाढलं की तापमानही वाढतं. पण पुढच्या दशकांत तापमान वाढेल ते हरितगृह वायूंमुळे. ऊन त्या प्रमाणात वाढणार नाही. सूत्राला हा फरक कळत नाही आणि ते खोरं कागदावरच वाळवून टाकतं. ऊन, वारा आणि हवेतला ओलावाही धरणारं पेनमन-मॉन्टीथ सूत्र बरं, तरी हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पानांवरची रंध्रं आकसतात, हे त्याच्या नेहमीच्या रूपात धरलेलं नसतं. दोन सूत्रांच्या उत्तरांत जे अंतर पडेल, तेही अहवालात दाखव.

कोणती जागतिक हवामान मॉडेलं घ्यावीत याचा तुला फारच घोर लागलेला दिसतो. पाच-सहा घे. त्यांच्या पावसाची सरासरी काढून मग नदी वाहवू नकोस, प्रत्येकाचा पाऊस वेगळा वाहव. बायस करेक्शन, म्हणजे त्या मॉडेलांच्या पावसातली ठरावीक चूक नोंदींशी ताडून काढणं, करताना बदलाचा आकारच बदलून गेला नाही ना, एवढं तपास. बस.

आणि पान बावीसवरचं ते वाक्य खोड. तापमान एका अंशाने वाढलं की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे खरं. म्हणून पूरही ७ टक्क्यांनी वाढेल, हे कुठून आलं? पावसाआधी माती किती कोरडी होती, यावर बरंच ठरतं. लहान, उताराच्या खोऱ्यात तासाभराची सर पूर आणते. मोठ्या खोऱ्यात त्याच सरीचा पत्ताही लागत नाही, तिथे कित्येक दिवसांची झड लागते.

२०८० चा आकडा तूर्त बाजूला राहू दे. ओल्या-कोरड्या वर्षांची फेरी आधी कर. निकाल वाईट आला तर तसाच पाठव, कुठलाही पॅरामीटर पुन्हा न हलवता.