जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूच्या सिनेमात कॅमेरा इतका खाली का असतो? आणि त्याच्या ‘लेट स्प्रिंग’मधली ती फुलदाणी कशाचं प्रतीक आहे?

‘तातामी चटईवर बसलेल्या माणसाची नजर’ हे नेहमीचं उत्तर अर्धंच खरं. ओझूचा कॅमेरा पुष्कळदा त्याहूनही खाली असतो. ऑफिसच्या पॅसेजमध्ये कोण जमिनीवर बसतं? तिथेही तो खालीच. म्हणजे ही कुणा पात्राची नजर नव्हे, चौकटीची रचना आहे. खालून पाहिलं की जमीन आक्रसते, सरकत्या दारांच्या उभ्या-आडव्या पट्ट्या ठळक होतात आणि माणसं चौकटीतल्या चौकटीत बसतात. लेन्स बहुतेक वेळा ५० मिमीची, त्यामुळे रेषाही सरळ राहतात.

आता फुलदाणी. ‘लेट स्प्रिंग’ (१९४९) मध्ये क्योतोच्या मुक्कामी रात्री नायिका नोरिको अंथरुणात पडल्या पडल्या वडिलांशी बोलत असते. त्यांना झोप लागलेली. ती हलकंसं हसते. मग काळोख्या खोलीतली फुलदाणी. पुन्हा नोरिको, आता रडू येईलसा चेहरा. पुन्हा फुलदाणी, तीही चांगली काही सेकंद. समीक्षकांनी यावर पानंच्या पानं खर्ची घातली आहेत, अमेरिकी पटकथाकार-दिग्दर्शक पॉल श्रेडरनं तर त्यात अध्यात्मच पाहिलं. मला ती कशाचंच प्रतीक वाटत नाही. हसू मावळतं तो क्षण ओझू दाखवतच नाही; आपण फुलदाणी बघत असताना तो उलटून जातो. तिचं काम एवढंच.

त्याच्या पहिल्या रंगीत सिनेमात, ‘इक्विनॉक्स फ्लॉवर’ (१९५८) मध्ये, लाल किटली शोधा. तिचा अर्थ लावत बसू नका, ती तिथे लाल रंगासाठी आहे.